आपल्यातली गंमत

"दारोदार फिरायची सवय तुमच्या रक्तातच आहे गं. त्यात शिकायचं काय?"

भर हॉलमध्ये. मराठीत. हसत हसत. साहेब हसले म्हणून सगळे हसले. त्या हॉलमध्ये मराठी दोघांनाच येत होतं. त्यांना आणि मला.

आमचं ऑफिस परराज्यात, खिदिरपूरला. बंदरात उतरलेला माल कस्टममधून सोडवायचं काम. साहेब पुण्याचे, मी परभणीकडची. त्या दिवशी बाहेरून एक प्रशिक्षक बाई आल्या होत्या. विषय होता, चांगल्या लीडरच्या सवयी. माझ्या टीमचं काम सगळ्यांत कमी अडतं, म्हणून त्यांनी मला बोलायला उभं केलं. मी सांगितलं, सकाळी मी कुणाला केबिनमध्ये बोलावत नाही. स्वतः एकेकाच्या टेबलापाशी जाते. काय अडलंय ते विचारते. कुणाची चूक झाली तर चारचौघांत बोलत नाही.

एवढंच बोलले. त्यावर साहेबांचं ते वाक्य.

माझी आजी खरंच दारोदार फिरायची. गावाची पडेल ती कामं करायची आणि सांजच्याला भाकरी मागून आणायची. शिळी. वरून पदरात टाकलेली. साहेबांना आजी माहीत नव्हती. माझं आडनाव माहीत होतं. तेवढं पुरतं.

हे पहिल्यांदाच नव्हतं. नवी साडी नेसले की, "आता ओळखूच येत नाही हं तुम्ही लोक." तेही मराठीत, तेही हसत. माझ्या टीममधला शुभंकर मग विचारायचा, "दीदी, सर काय म्हणाले?" मी म्हणायचे, कौतुक केलं. त्याला खरं वाटायचं. आपल्या भाषेतला साहेब मिळाला, नशीबवान आहेस, म्हणायचा.

आताही प्रशिक्षक बाईंनी तेच विचारलं. काय म्हणाले सर?

खोटं जिभेवर तयार होतं. तेवढ्यात शुभंकर दिसला. पोट धरून हसत होता. माझीच माणसं माझ्या आजीला हसत होती, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

मी हिंदीत सांगितलं. शब्दाला शब्द. मग अर्थ सांगितला. कोण फिरायचं, कुणाच्या दारात, कशासाठी.

हसू थांबलं. साहेब उठले. पुन्हा मराठीतच, "अगं, गंमत केली. आपल्यातलं असं बाहेर सांगतात का?"

"आपल्यातलं?" मी हिंदीतच विचारलं. "तुमच्या घरी गणपतीला इथली सगळी मराठी माणसं येतात. मला कधी बोलावलंत?"



सोमवारी माझी टीम काढून घेतली. मी तक्रार केली. साक्ष देशील का, म्हणून शुभंकरला विचारलं.

"दीदी, मला मराठी कुठे येतं?"

"हिंदीत सांगितलं होतं ना मी."

तो कॉम्प्युटरकडे बघत राहिला. प्रशिक्षक बाईंनी फोनच उचलला नाही.

काल एचआरवाल्यांनी बोलावलं. गैरसमज झाला होता, असं लिहून द्या, टीम परत देतो, म्हणाले. कागद टाइप करून ठेवलेला. पेनही पुढे केलं.

टीम मला हवी आहे. ती मी उभी केली आहे, माणूस माणूस जोडून. पण आजीच्या पदरात पडलं तो गैरसमज नव्हता. माझ्या तोंडावर फेकलं तोही नाही.

मी सही केली नाही. करणारही नाही. बदली करा, कोपऱ्यात बसवा. तक्रार उभी राहील. साक्षीला मी एकटी असले तरी.