मनवा फर्निचर मार्टचे व्यवस्थापक

मनवा फर्निचर मार्ट या कंपनीने बावीस वर्षांत एकही खुर्ची विकली नाही. विकणार कुठून? मुळात कंपनीच नव्हती. होता तो फक्त पत्ता, आणि तोही केडगावातल्या शामकांत मुळे सरांच्या घराचा.

मुळे सर टायपिंग क्लास चालवत. परीक्षेत व्यावसायिक पत्राला गुण असतात, म्हणून बाकीचे क्लासवाले चार नमुने पाठ करून घेतात आणि मोकळे होतात. सरांना या पाठांतराची भारी चीड. पत्र शिकायचं तर ते पोस्टात पडलं पाहिजे आणि त्याला उत्तर आलं पाहिजे, असा त्यांचा हेका. म्हणून प्रत्येक बॅचने मनवा फर्निचरला खुर्च्यांचं मागणीपत्र पाठवायचं, स्वतः तिकीट लावून. उत्तर द्यायचं व्यवस्थापकांनी, म्हणजे सरांची बायको सुनीती हिने.

बाई मोठी खवचट. कोणी खुर्च्या किती ते लिहायला विसरलं, की कळवायची, 'आपल्या पत्रावरून आपणांस अर्धी खुर्ची हवी आहे की दोनशे, याचा बोध होत नाही.' कधी मुद्दाम टेबलं रवाना केल्याचं लिहायची, म्हणजे पोरांना तक्रारपत्र लिहिणं भाग पडे. उत्तरात काय आहे ते नवऱ्यालाही सांगायची नाही. सर वर्गात पाकीट फोडत आणि पोरांबरोबरच हसत. प्रत्येक उत्तराची स्थळप्रत, म्हणजे आपल्याकडे ठेवायची नक्कल, ती स्वयंपाकघरातल्या फडताळात फायलीला लावून ठेवी.

गेल्या जुलैत सुनीती गेली. साधा ताप म्हणता म्हणता चौथ्या दिवशी सगळं आटोपलं. मूलबाळ नव्हतं. तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी सरांनी क्लास उघडला आणि तो विषय कोणाकडे काढला नाही. नव्या बॅचला तर काही ठाऊकच नव्हतं. चारच जण होते. घरी बोलायला कोणी नाही म्हणून सर वर्गात जास्त बोलू लागले, आणि तिथेच घोटाळा झाला.

पत्राचा धडा आला. बोलण्याच्या भरात, हाताच्या सवयीने त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'प्रति, व्यवस्थापक, मनवा फर्निचर मार्ट', आणि खाली घरचा पत्ता. पुसायला डस्टर उचललं, तोवर चौघांनीही तो उतरवून घेतला होता.

तिसऱ्या दिवशी पोस्टमनने चार पाकिटं दारात टाकली. सरांनी ती फोडली नाहीत. दोनदा कोरा कागद घेऊन बसले, पण तिच्यासारखं खवचट काही सुचेना. पाकिटं तिच्या फायलीवर तशीच ठेवून दिली.

आलेल्या पत्राला आठ दिवसांत उत्तर गेलं पाहिजे, हा नियम सरांचाच. वर्गाच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरांत लावलेला होता. नवव्या दिवशी अकोळनेरचा गोरक्षनाथ उभा राहिला.

"सर, कंपनीचं उत्तर न्हाई आलं अजून."

"मग काय करायचं असतं?" सर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"स्मरणपत्र लिहायचं," मागच्या बाकावरून हुमेरा म्हणाली. चौघांत तीच जरा तिखट होती.

चार स्मरणपत्रं आली. आणखी आठ दिवसांनी आणखी चार, जरा करड्या भाषेत. ती भाषा सरांनीच शिकवलेली. सरांना त्या पाकिटांची धास्ती बसली. पोस्टमनची चाहूल लागली की ते मागच्या अंगणात जाऊन उभे राहत.

शेवटी हुमेराने विचारलंच. "सर, कंपनी बंद पडली का? तसं असेल तर तसं कळवायला हवं ना त्यांनी. माणूस वाट बघत राहतो."

त्या संध्याकाळी सरांनी बाराही पाकिटं फोडली आणि कागद पुढ्यात ओढला. बायको गेल्याचं त्यांना आजवर कोणाला तोंडाने सांगता आलं नव्हतं. पण पत्राचा साचा हाताला पाठ होता, आणि त्या साच्यात शब्द आपोआप पडत गेले.

'विषय : मागणीची पूर्तता न झाल्याबाबत.

संदर्भ : आपले मागणीपत्र व दोन स्मरणपत्रे.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, या कंपनीचा सर्व पत्रव्यवहार माझी पत्नी सुनीती पाहत असे. तिचे ११ जुलै रोजी निधन झाले. तिच्या जागी काम पाहणारे कोणी नाही. विलंबाबद्दल दिलगीर आहे. आपली मागणी रद्द समजावी.

आपला विश्वासू,
शामकांत मुळे.'

चार प्रती पोस्टात टाकल्या, पाचवी फायलीला लावली. दुसऱ्या दिवसापासून क्लासला सुट्टी दिली. पोरांच्या तोंडाकडे बघायचं धाडस नव्हतं. आता क्लास बंदच करावा, असं त्यांनी मनाशी जवळजवळ ठरवलं. पण क्लासही गेला तर दिवसभर करायचं काय, हे काही ठरेना.

चौथ्या दिवशी एकच पाकीट आलं. अक्षर हुमेराचं, खाली सह्या चौघांच्या.

'प्रति, व्यवस्थापक, मनवा फर्निचर मार्ट. महोदय, आपले पत्र मिळाले. वाचून फार वाईट वाटले. आम्ही आमची मागणी रद्द करत नाही. बारा खुर्च्या आपल्या सवडीने पाठवाव्यात. आम्हांला घाई नाही. उत्तराची वाट पाहत आहोत.'

सरांनी ते दोनदा वाचलं. मग खिशातलं लाल पेन काढलं. विषयाची ओळ राहिली होती. समासात त्यांनी अर्धा गुण कापला, आणि पेन हातात तसंच धरून ते कितीतरी वेळ रडले.

मनवा फर्निचरचं उत्तर या खेपेला आठ दिवसांच्या आत गेलं. 'आपल्या पत्रावरून खुर्च्या हातांच्या हव्यात की बिनहातांच्या, याचा बोध होत नाही,' असं त्यात लिहिलं होतं, आणि खाली व्यवस्थापक म्हणून मुळे सरांची सही होती.