इंचभर वाळू

बाबांनी घरात समुद्र आणायचं ठरवलं, त्या वर्षी आमच्या कचेरीत कपाटांची वाटणी चालू होती. राज्याचे दोन भाग व्हायचे होते. फायलींचे दोन ढीग लागत होते, खुर्च्यांच्या पाठीवर खडूच्या खुणा उमटत होत्या, आणि वीस वर्षं एका डब्यातून जेवलेल्या बायका एकमेकींना हळूच विचारत होत्या, तू कुठलं लिहिलंस? प्रत्येकाला ऑप्शन फॉर्म भरायचा होता. या राज्यात राहणार की त्या राज्यात जाणार, एवढाच प्रश्न. मी त्या राज्याचं नाव लिहिलं होतं आणि बाबांना सांगितलं नव्हतं.

काचीगुड्याच्या घरात आम्ही दोघंच. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, मी चाळिशी ओलांडलेली, लग्नाच्या फंदात पडले नव्हते. हैदराबादेत जन्मलेल्या माणसानं तिकडचं मागणं म्हणजे शुद्ध खुळेपणा, असं कुणीही म्हणालं असतं. माझं कारणही सांगण्यासारखं नव्हतं. एकदा कामासाठी तिकडच्या विशाखापट्टणला चार दिवस राहिले होते. खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. संध्याकाळी मी नुसती खुर्ची ओढून बसायचे, आणि मला आठवतं, त्या चार दिवसांत मला कुणीही हाक मारली नव्हती. परत आल्यावर भाजी चिरतानासुद्धा तो पांढुरका उजेड माझ्या डोळ्यांपुढे यायचा आणि हातातली सुरी थांबायची.

बाबांना समुद्राचं वेड कुठून लागलं, देव जाणे. जन्मभर सरकारी नोकरी, अर्ज आणि टिपणं यांत गेलेला माणूस. हिमायतनगरला एका दुकानात त्यांनी खाऱ्या पाण्यातले मासे पाहिले आणि तासभर तिथेच उभे राहिले. घरी येऊन म्हणाले, “बाई, आपण एक टाकी घेऊ. गोड्या पाण्याची नक्को, खाऱ्या पाण्याची.” मी हौ म्हणाले. अपराधी माणूस कशालाही हौ म्हणतो.

टाकी आठवड्यात आली, पण तळाशी काय घालायचं ते ठरेना. मला वाटलं होतं की वाळू म्हणजे वाळू. समोर बांधकाम चालू होतं, तिथली दोन घमेली आणली की झालं. दुकानदार हसला. वयस्क गृहस्थ होता, डोक्यावर पांढरी टोपी, बाही कोपरापर्यंत भिजलेली. “नदी की रेती खारे पानी में नक्को अम्मा,” तो म्हणाला. “पानी तपकिरी होता.” मग त्यानं तीन वाट्या आमच्यापुढे मांडल्या. एका वाटीत पोवळ्याचा जाडसर चुरा होता. दुसरीत शंखशिंपल्यांची बारीक पांढरी वाळू. तिसरी रिकामी. काही लोक तळ उघडाच ठेवतात, म्हणाला, नुसती काच. पुसायला सोपी.

त्या तीन वाट्यांवर बाबांनी दोन महिने काढले. दर शनिवारी बस धरून ते एकटेच जायचे, वही घेऊन. मुलगी बघायला गेल्यासारखे एवढे प्रश्न कशाला, असं मी चिडवायची. “चुऱ्याच्या फटीत घाण अडकते,” ते जेवताना सांगायचे. “तो सारखा उपसावा लागतो. काच बरी, पण काही माशांना वाळूत शिरून झोपायची सवय असते. त्यांनी कुठे झोपायचं?” मला हसू यायचं. मीही मग वाळूत झोपणाऱ्या माशाचा विचार करत बसायची. दुपारी आडवी पडले की स्टेशनातून गाडी सुटल्याचा आवाज यायचा, आणि अर्धवट झोपेत आमचं घर पाण्याखाली गेलेलं असायचं. दांडीवरच्या साड्या संथ हलत असायच्या, मी स्वयंपाकघरातून तरंगत बाहेर यायची. त्या स्वप्नात बाबा कधीच नसायचे. जाग आली की मला स्वतःचा राग यायचा, आणि मी उठून त्यांच्यासाठी चहा टाकायची.

शेवटी बारीक वाळू ठरली, तीही इंचभर जाडीची. शिवाय उंच स्टँड नको म्हणून त्यांनी टाकी आईच्या शिवणयंत्राच्या बुटक्या टेबलावर ठेवायला लावली. समुद्र आणायचा तर एवढा चिमूटभर कशाला, असं मी म्हणाले. ते टेबलाची उंची मोजत राहिले.

वाळूची पिशवी आली ती ओली. बाबांचा पारा चढला. “वजन वाढवायला पाणी मारून दिलं बघ,” ते म्हणाले. आमच्या घरात आईचा एक कायदा होता. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे. नारळ, बरण्या, केरसुणीची मूठ, सगळं नळाखालून जायचं. आई गेल्यावर बाबा तो कायदा तिच्यापेक्षा कडक पाळत होते. तेव्हा रविवारी सकाळी आम्ही गच्चीवर बसलो, मध्ये परात घेतली आणि वाळू धुतली. तांदूळ धुतात तशी, वरचं पाणी ओतून पुन्हा नवं घेत.

ती सकाळ मला फार आवडली होती. पाणी दुधासारखं यायचं, मग ताकासारखं, मग नितळ. वाळू इतकी मऊ होती की हात बाहेर काढवत नव्हता. ऊन कोवळं होतं, खालून मिरची तळल्याचा वास येत होता, बाबा हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत होते. आता सांगावं, असं मला तीनदा वाटलं. परातीत आमचे चार हात होते आणि बाबांच्या मनगटावरची कातडी किती सैल झाली आहे, ते मी पहिल्यांदा बघितलं. “तू काय बघायलीस?” त्यांनी विचारलं. काही नाही, मी म्हणाले, आणि पाणी ओतलं.

दुकानदारानं हे ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. ती वाळू जिवंत होती. ओली दिली होती ती त्यासाठीच. डोळ्यांना न दिसणारे जीव तिच्यात असतात, माशांची घाण तेच पचवतात, आणि आम्ही नळाच्या पाण्यानं सात वेळा धुऊन सगळ्यांचा निकाल लावला होता. आता मासे सोडायचे नाहीत, तो म्हणाला. टाकी भरून ठेवा, पंप चालू ठेवा. दुसऱ्या टाकीतली मूठभर वाळू देतो, तेवढी पेरा. दीड-दोन महिन्यांत ही पण जिवंत होईल.

म्हणून आमच्या घरात दोन महिने नुसतं पाणी होतं. खारं पाणी, इंचभर पांढरी वाळू आणि निळसर दिवा. शेजारीपाजारी यायचे, मासे कुठे आहेत विचारायचे. बाबा गंभीरपणे म्हणायचे, “यायचेत.” संध्याकाळी आम्ही दोघं त्या रिकाम्या टाकीसमोर बसायचो. पंपाच्या लाटेनं वाळूवर बारीक रेघा उठायच्या आणि सकाळी जागा बदललेल्या दिसायच्या. मला त्या काळात बोलायची गरजच वाटत नसे. कोण कुठे जाणार त्याची यादी लागेपर्यंत सांगायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि यादी कधी लागूच नये असंही वाटायचं.

यादी लागली. माझी शाळा इथली, सगळे दाखले इथले, म्हणून मला इथेच ठेवलं होतं. माझा ऑप्शन कुणी विचारात घेतला नव्हता. कचेरीत सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं, कुणीतरी पेढेही आणले. मी पेढा खाल्ला. सुटले, असं स्वतःला सांगितलं. आता बाबांना काही सांगायलाच नको. मग जाताजाता टाकीसाठी मीठ घ्यावं म्हणून हिमायतनगरला उतरले.

दुकानदारानं मिठाची पिशवी बांधता बांधता विचारलं, “कब जारे आप?”

“कुठे?”

“उधर के राज में. साब बोले बेटी जारी.” मग म्हणाला, “पहले दिन से एकीच बात पूछ रे थे उनो. अकेला बुढ्ढा आदमी संभाल सकता क्या, स्टूल पे चढे बगैर. मैं बोला चुरा नक्को, उपसना पडता. बारीक रेती लेव, पतली डालो. उसमें जिंदा शंख छोडो, वोईच रेती फिराते रहते.”

मी पिशवी घेतली. दुकानातल्या सगळ्या टाक्या चालू होत्या, सगळीकडे पाण्याची खुळखुळ. काचेवर हात टेकून मी वाळूतून सरकणारा एक शंख बघत राहिले.

घरी बाबा टाकीचं पाणी बघत बसले होते. मी चप्पलही न काढता म्हणाले, “बाबा, मी तिकडचं मागितलं होतं.”

“ठाऊक आहे. आमच्या कचेरीतल्या मित्राचा जावई तुमच्याच मजल्यावर बसतो.”

“मिळालं नाही. इथेच ठेवलंय.”

त्यांनी टाकीवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. “वाईट वाटायलंय का तुला?”

दिवसभरात हे कुणी विचारलं नव्हतं. मी हौ म्हणाले, आणि मला रडू आवरेना. वाईट वाटत होतं याची लाज वाटत होती, आणि त्यांनी विचारलं म्हणून जास्तच रडू येत होतं. ते उठले नाहीत, जवळही आले नाहीत. मला हुंदके देऊ दिले.

“परस्पर बदलीचा अर्ज कर,” मग ते म्हणाले. “इकडे यायला तिकडचे शंभरजण टपलेत. एक गाठायचा. कागद आण, मी सांगतो, तू लिही.”

जेवणाआधी आम्ही अर्ज लिहायला बसलो. माझं पहिलं वाक्य लांबलचक आहे म्हणून त्यांनी ते दोनदा खोडायला लावलं. शेवटी माहितीचे रकाने होते: सेवेची वर्षं, मूळ गाव, घरी अवलंबून असलेल्या व्यक्ती. त्या रकान्याशी माझं पेन थांबलं.

“निल लिही,” बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. निल लिहिलं.