पुढचं गवत

करार झाला की त्याच दिवशी घरापुढचं गवत कापायचं. मेम्फिस शहरात पडीक घरं शोधत हिंडणाऱ्यांचा हा पहिला नियम. रेनेटा कॉबिन्सला तो ड्युइट टिमन्सनं एका डोनटच्या दुकानाबाहेर उभ्याउभ्या शिकवला होता.

"गुडघाभर गवत म्हणजे पाटी असते गं," ड्युइट म्हणाला होता. "मालक गेला किंवा मालक दमला, असं लिहिलेलं असतं त्यावर. तू वाचलंस तसं मीही वाचणार. तू एखाद्या म्हातारीला तीस हजार कबूल केलेस, तर मी जाऊन एकतीस सांगणार. उगाच माझ्या तोंडाला पाणी कशाला आणतेस? कापून टाक."

"आणि मागचं?"

"मागचं कोणाला दिसतंय? सगळे गाडीतून फिरतात. पेट्रोल काय फुकट येतं?"

या धंद्यात रेनेटा घर विकत घेत नसे. घ्यायला तिच्याकडे पैसे नव्हतेच. थकलेल्या मालकाशी साठेखत करायचं, नावापुरता विसार द्यायचा आणि मुदत संपायच्या आत तोच करार रोख पैसेवाल्या गिऱ्हाइकाच्या नावावर फिरवायचा. मालकाला कबूल केलेली रक्कम आणि गिऱ्हाइकानं मोजलेली रक्कम यांतला फरक आपला. जमलं तर एका सहीत चार महिन्यांची कमाई होते. नाही जमलं, तर चार महिने पेट्रोल जाळल्याचा हिशेबही कोणी विचारत नाही.

तिचे तसे चार महिने नुकतेच गेले होते.

त्याआधी ती शाळेची बस चालवायची. तेच वळण, तोच थांबा, मागे वळून तेच "खाली बस". एका जूनमध्ये शाळा सुटली आणि ती परत गेलीच नाही. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी जुन्या निसानमधून दिवसभर त्याच भागात फिरायची. फरक इतकाच, की कुठल्या कोपऱ्यावर वळायचं ते तिचं ती ठरवायची. हातात बर्फानं भरलेला मोठा पेला. बोलताना, ऐकताना, सिग्नलला ती कडाकडा बर्फ चावायची. कुणाच्या घरी बसायची वेळ आली तर पाय हलत राहायचा.

बस डेपोची लरलीन फेसन जुनी मैत्रीण. ऑगस्टपासूनची चालकाची एक जागा तिनं रेनेटासाठी धरून ठेवली होती. "शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही सांग," ती म्हणाली होती. "त्यापुढे वरचे ऐकणार नाहीत माझं."

रेनेटाला नाही सांगायचं होतं. फ्रेझर भागातलं मिस ओझेला प्रुइटचं घर गुरुवारी फिरलं, तर नाही सांगता येणार होतं.

घर ओझेलाच्या भावाचं, क्लीओटिसचं. तो हिवाळ्यात गेला आणि घर बहिणीला आलं. ती राहायची शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटहेवनला. बेचाळीस हजारांना साठेखत झालं, विसार दहा डॉलर. गिऱ्हाईक होता गिल ब्रॅशर. त्याची भाड्यानं दिलेली घरं इतकी होती, की पत्ते त्याला स्वतःलाही आठवत नसत. फोटो बघून तो एक्कावन्नला तयार झाला. गुरुवारी येऊन बघणार आणि सही करणार होता.

साठेखत झालं त्याच दुपारी रेनेटानं उसन्या यंत्रानं पुढचं गवत कापलं. पायऱ्यांवर साचलेली जाहिरातींची पत्रकं उचलली, नगरपालिकेची नारिंगी नोटीस दारावरून काढली, खिडकीवर चढलेला वेल तोडला. वेलाखाली गुलाबाची दोन झाडं निघाली. तीही तिनं मोकळी केली. मागच्या अंगणात पाऊलही टाकलं नाही.

सोमवारी ती पंपावर पेट्रोल भरत असताना फोन वाजला.

"रेनेटा, बाळा, तो कागद फाडून टाक," ओझेला म्हणाली. "मला घर विकायचं नाही."

रेनेटानं पंपाच्या नळीवरचा हात काढला. "कोणी आलं होतं का तुमच्याकडे, मिस ओझेला? जास्त भाव सांगितला कोणी?"

"कोणी आलं नाही. मीच गेले होते त्या घरी. उद्याही जाणार आहे."

रेनेटानं ड्युइटला फोन लावला. तो जेवत होता.

"सोपं आहे," तोंडातला घास गिळत तो म्हणाला. "करार घे आणि रजिस्टर ऑफिसात नोंदवून टाक. मग तो घराला गोचिडासारखा चिकटतो. म्हातारी दुसऱ्या कोणाला विकू शकणार नाही. येईल वळणावर."

"तिला दुसऱ्या कोणाला विकायचंच नाहीये, ड्युइट. ठेवायचंय."

पलीकडे चावणं थांबलं. "ठेवायचंय? ते घर? डोळे तपासून घे म्हणावं तिला."

तरी मंगळवारी सकाळी ती करार घेऊन रजिस्टर ऑफिसात गेली. रांगेत उभी राहिली, बाहेर आली, गाडी नीट लावली का ते बघून पुन्हा रांगेत गेली. खिडकी जवळ आली तसं तिला ब्रॅशरचं बोलणं आठवलं. पहिल्याच भेटीत त्यानं बजावलं होतं, "मी घरं घेतो, भांडणं घेत नाही." कागद नोंदवला तर म्हातारी अडणार आणि गिऱ्हाईक पळणार. म्हणजे नुसतं भांडण तिच्या हातात राहणार. रेनेटा रांगेतून निघाली ती थेट फ्रेझरला.

ओझेला घराच्या पडवीत घडीच्या खुर्चीवर बसली होती. शेजारी गार चहाची बाटली.

"बस म्हटलं असतं, पण खुर्ची एकच आहे."

"मी उभीच बरी."

"ते दिसतंयच. माझ्याकडे एक कुत्रा होता. वादळ यायच्या आधी असाच येरझाऱ्या घालायचा." ओझेलानं चहाचा घोट घेतला. "रविवारी चर्च सुटल्यावर क्लीओटिसचे बूट न्यायला आले. घर ओळखूच येईना. सरळ पुढे निघून गेले आणि कोपऱ्यावरून परत आले. गुलाब बघ त्याचे! हिवाळ्यापासून त्या वेलाखाली मला ते दिसलेसुद्धा नव्हते. म्हटलं, हे विकायला माझं काय डोकं फिरलंय? इतकं छान केलं तरी कोणी?"

"मी."

"तू? का गं?"

'तुमच्यासाठी' असं सांगणं सोपं होतं. शब्द तोंडाशी आलाही होता. रेनेटानं बर्फाचा खडा चावला. "दुसऱ्या कोणाला घर दिसू नये म्हणून. गवत वाढलेलं असलं की माझ्यासारखे दहा जण येतात."

ओझेला पोट धरून हसली. "मग मला कशाला दिसू दिलंस?"

"चुकलंच. आता मागे चला."

"मागे काय आहे?"

"मी न कापलेलं."

फाटक गवतात अडकलं होतं. रेनेटानं खांद्यानं ढकलून ते उघडलं. मागे कंबरेइतकं गवत होतं. छपरावरची निळी ताडपत्री फाटून लोंबत होती. स्वयंपाकघराचं छत खाली शेगडीवर येऊन पडलं होतं, आणि वरच्या भगदाडातून आभाळ दिसत होतं. ओझेला पर्स छातीशी धरून स्वयंपाकघराच्या मागच्या दारातच थांबली.

"हे तू मला आधीही दाखवलं होतंस," ती म्हणाली.

"हो. भाव पाडायला."

"आणि आज?"

"आजही करार टिकवायलाच. पण छप्पर खोटं नाही. दोन वर्षांची घरपट्टी थकलीय, तीही खोटी नाही. तुम्ही घर ठेवलंत तर तुम्हाला रोज हे मागचं सांभाळावं लागेल, पुढचं नाही."

ओझेला शेगडीकडे बघत राहिली. मग वळली. तिचा आवाज आता बाजारात उभ्या असलेल्या बाईचा होता.

"तुला यात काय सुटतं?"

हा प्रश्न मालकानं विचारू नये अशी या धंद्यातल्या प्रत्येकाची इच्छा असते.

"नऊ हजार."

"गवत कापायचे?"

"गिऱ्हाईक आणायचे."

"पाच तू ठेव. चार मला दे."

"मिस ओझेला, करार झालाय आपला."

"झालाय ना? मग खेच मला कोर्टात. दहा डॉलर विसार दिलाय म्हणून सांग जजला. मी माझी ईस्टरची हॅट घालून येते."

रेनेटा गवतात दोन पावलं गेली, दोन पावलं परत आली. गुरुवारला मधे एकच दिवस उरला होता. पेल्यात बर्फ संपला होता.

"पाच," ती म्हणाली.

"आणि गुलाब मी नेणार."

"गुलाब ब्रॅशर मोजणारही नाही."

साठेखतावरची रक्कम तिथंच, गाडीच्या बॉनेटवर खोडून बेचाळीसची शेहेचाळीस केली. दोघींनी बाजूला आद्याक्षरं घातली.

गुरुवारी ब्रॅशर आला. पुढच्या हिरवळीकडे त्यानं पाहिलंही नाही. गुलाब उपटल्याचे दोन ताजे खड्डे तो चुकवून गेला, थेट मागे. घराच्या पायाला लाथ मारून पाहिली, ताडपत्री बघितली आणि सही केली. "बाकी सगळे माझ्यासाठी साफसफाई करून ठेवतात," जाताना तो म्हणाला. "तू नाही केलीस. बरं वाटलं."

शुक्रवारी रेनेटानं गाडीतच हिशेब केला. निसानचा गिअरबॉक्स, उसनं पेट्रोल, घरभाडं. नऊ हजारांत वर्षअखेर गाठता आली असती. पाच हजार जुलैपर्यंतच पुरणार होते. फोन वाजला तेव्हा तिचा पाय ब्रेकवर हलत होता.

"हो का नाही?" लरलीननं विचारलं.

"मार्ग कुठला?"

"फ्रेझर. मागच्या गल्ल्यांमधला. तो कोणाला नको असतो."

त्या गल्ल्या रेनेटाला पाठ होत्या. दोन्ही बाजूंना घरांची मागची अंगणं, आणि त्यांच्यापुढे, गाडीत बसलेल्याला पलीकडचं दिसू नये एवढी उंच लाकडी कुंपणं. पुढचं गवत कोणीही कापेल. मागचं कोणी कापत नाही.

"बस ती नवी बुटकी का?"

"छे. जुनी, उंच. जिना चढल्यासारखं चढावं लागतं. का गं?"

"हो म्हणून लिही."

"खरंच?" लरलीनचा विश्वास बसेना. "जागेवर बसवेल का तुला?"

"ते बघू. पण मी हळू चालवणार, लरलीन. पोरांच्या आईबापांना आधीच सांगून ठेव."