वडील काय करतात

माझा बाप तालुकदार साहेबांच्या, म्हणजे जिल्ह्याच्या मोठ्या अंमलदाराच्या, कचेरीत चपराशी होता. तीस वर्षं तो एकाच दाराशी उभा राहिला. दाराला काड्यांची चिक, चिकेच्या आत साहेब, बाहेर बाप. तेव्हा निजामाचं राज्य. साहेब हैदराबादेहून यायचे आणि दोन-तीन वर्षांत बदलून जायचे, चिक आणि बाप तेवढे जागेवर राहायचे. नोकरीसाठी आत गेलेला प्रत्येक उमेदवार त्यानं बाहेरून ऐकलेला होता. कोण कशानं लागला आणि कोण कशानं आपटला, याची त्याच्याइतकी माहिती खुद्द पेशकारालाही नसेल, आणि पेशकार तर कचेरीतला सगळ्यांत वरचा कारकून.

मी उर्दूतून मिडल पास झालो त्याच वर्षी त्याच कचेरीत अहलकाराची, म्हणजे कारकुनाची, एक जागा निघाली. मुलाखतीला महिना होता. बापाला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण त्यानं मला तयार करायचं मनावर घेतलं. कचेरी सुटली की आमच्या भाड्याच्या खोलीत तालीम सुरू व्हायची. आई तिकडे गावी, चौसाळ्याजवळ, चुलत्याच्या घरी असायची, त्यामुळे खोलीत आम्ही दोघंच.

बाप साहेब व्हायचा, मी उमेदवार. पहिल्या दिवशी तर हसूच आलं. साहेबाला बसायला बाज दिली, तर हा उभाच. "बसा की," मी म्हटलं. तो टेकला आणि पुन्हा उठला. साहेबाची खुर्ची म्हटलं की त्याचे गुडघे वाकायलाच तयार नसत. दोन दिवस त्यानं उभं राहूनच माझी मुलाखत घेतली. तिसऱ्या दिवशी बसला, तेही अगदी कडेला, कुणी येईल की काय अशा बेतानं.

त्याचे नियम त्याच्यासारखेच सरळ होते. उंबरा ओलांडला की तीन पावलं, मग वाकून आदाब. डोळे साहेबाच्या शेरवानीच्या दुसऱ्या गुंडीवर, वर न्हाई, खाली न्हाई. येत नसेल ते येत नाही म्हणून सांगायचं. निघताना पाठ दाखवायची नाही. आणि आवाज. आवाजावर त्याचा सगळा जोर. माझा आवाज भीतीनं पार चिरकायचा. तो म्हणायचा, "लेका, साहेब कागद न्हाई वाचत, आवाज वाचतेत. आवाज कापला की मानूस गेला. प्वाटातून बोल." मग मी पोटातून बोलायचो आणि शेजारची म्हैस हंबरायची. त्यावर तो मोकळं हसायचा. त्याचं तसं हसू मी त्या महिन्यातच पाहिलं.

एका संध्याकाळी त्यानं साहेबाच्या दख्खनी ढंगात विचारलं, "वालिद क्या करते हैं?"

"सरकार, आप ही की कचेरी में चपराशी हैं," मी म्हणालो, आणि आवाज बरा लागला म्हणून खूश झालो.

बाप कमरेचा पट्टा काढून त्यावरची पितळी चपरास, म्हणजे बिल्ला, चिंचेनं घासत बसला. रोज घासायचा, पण त्या दिवशी जरा जास्तच घासली. मग म्हणाला, "हे न्हाई सांगायचं."

"कावून?"

"चपराश्याच्या पोराला चपरासच देतेत. म्या तीस वर्सं ऐकतोय. म्हनायचं, खेतीबाडी करते हैं. गावाकडं पट्टी हाय की आपली. खोटं बी न्हाई."

"पण अर्जावर तुमचं नाव आहे."

"त्या साहेबाला माजं नाव कुठं ठावं हाय," तो म्हणाला. तेही खरंच होतं. साहेबांना येऊन चार महिने झाले होते आणि ते त्याला नुसतं "कोई है" म्हणून हाक मारत.

मुलाखतीच्या दिवशी मी उसनी शेरवानी घालून व्हरांड्यात बसलो. बाप चिकेशी उभा. आम्ही एकमेकांकडे पाहायचं नाही, असं ठरलेलं. माझ्या आधी तलवाड्याचा एक उमेदवार आत गेला. चांगला धिप्पाड, आवाजही दणदणीत. त्याला साहेबांनी हाच सवाल केला आणि त्यानं हेच उत्तर दिलं, खेतीबाडी. मग साहेब सुरू झाले. जमीन कुठली, काळी की बरड, सारा किती, पटेल कोण, गेल्या साली ज्वारी कशी आली. गडी शेताचा असूनही गडबडला. साहेब म्हणाले, ज्याला बापाची जमीन ठाऊक नाही तो सरकारची काय सांभाळणार. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मला पाहवेना. आणि मला तर आमच्या पट्टीचा सारासुद्धा माहीत नव्हता.

बापानं माझं नाव पुकारलं. परक्या माणसाचं पुकारावं तसं, लांबवून. मी तीन पावलं गेलो, वाकलो, नजर दुसऱ्या गुंडीवर धरली. सगळं ठीक चाललं. मग सवाल आला.

"वालिद क्या करते हैं?"

खेतीबाडी ओठांवर आली आणि मागे तलवाड्यावाला दिसला. खरं होतं ते चिकेआड उभं होतं, तेही सांगता आलं असतं, पण चपराश्याच्या पोराला चपरासच. मी म्हणालो, "वालिद का इंतकाल हो चुका है, सरकार."

आवाज जराही कापला नाही. आणि घाबरून बोललो असं म्हणून मी सुटणार नाही. ते वाक्य बाहेर पडलं तेव्हा मला हलकं वाटलं, बरं वाटलं. आज इतक्या वर्षांनी त्याचीच लाज जास्त वाटते.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांचा चेहरा उतरला. "बहुत अफसोस," म्हणाले, आणि चिकेकडे वळून, "कोई है? बच्चे को पानी पिलाओ."

चिक हलली. बाप वाटी घेऊन आला. दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली आणि मान खाली घालून म्हणाला, "लीजिए, साहब." पाणी सांडलं नाही. मी ते सगळं प्यालो. रिकामी वाटी त्याच्या हातात देताना आमची बोटं लागली आणि तो पाठ न दाखवता मागे सरकत निघून गेला.

जागा मला मिळाली. संध्याकाळी बाप माझ्याआधी खोलीवर आला होता. चूल पेटवली होती, पिठलं टाकलं होतं. मी दारातच उभा राहिलो. तो म्हणाला, "हात धू. आवाज लई साफ लागला आज." त्यावर तो कधी दुसरं काही बोलला नाही. रागावला असता तर मी पाय तरी धरले असते.

पुढे मी वेगळी खोली केली. एका खोलीत चपराशी आणि अहलकार कसे राहणार? हे त्यानंच सुचवलं, आणि मी नको म्हटलं नाही. कचेरीत तो मला मुन्शीजी म्हणायचा. मी समोरून गेलो की टेकलेला असला तरी उठायचा. बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. तीस वर्षांचा चपराशी, त्याचं पोर कोणतं हे कुणाला सांगावं लागत नाही. पण त्याच्यासाठी सगळे गप्प राहिले, पेशकारसुद्धा.

एका बाजारच्या दिवशी आई भाकरी बांधून थेट कचेरीत आली. बापानं तिला मागच्या पडवीत नेलं आणि म्हणाला, "हितं म्या मेलेला हाय बाई. कुकू लावून कुटं फिरतीस?" तो थट्टा करत होता. आई हसली नाही. तिनं सगळं विचारून घेतलं, भाकरी त्याच्याजवळ ठेवली आणि मला न भेटता गावी परत गेली.

दोन वर्षांनी, रजेवर गावी गेला असताना, बाप गेला. तापाचं निमित्त झालं. गुरुवारी निरोप आला, शुक्रवारी जुम्म्याची सुट्टी होती म्हणून मी पोचलो. अग्नी मीच दिला. मग न्हावी वस्तरा काढून नदीकाठी बसला. आमच्यात बाप गेला की डोकं आणि मिशी दोन्ही उतरवायची. डोकं मी पुढं केलं, ते कचेरीच्या दस्तारीखाली, पगडीखाली, झाकलं असतं. मिशीला वस्तरा लागला तेव्हा मी त्याचा हात धरला. शनिवारी कचेरीत बसायचं होतं. उतरलेली मिशी पाहून साहेब विचारणार, कोण गेलं? साहेबांच्या लेखी बाप तर दोन वर्षांपूर्वीच मेलेला. आई गेली म्हणावं, असंही क्षणभर मनात आलं. पण एकाला मारून झालं होतं, दुसरीला मारायचा धीर झाला नाही.

चुलता संतापला. न्हावी वस्तरा धरून तसाच बसला. घरी आलो तेव्हा दारातच चुलत्यानं आईला सांगितलं, हा मिशी काढू देत नाही. आईच्या कपाळावर आता कुंकू नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्यानं तर बापाचं कवाच उरकलंय."

शनिवारी मी कचेरीत बसलो. शिपायांचे कागद माझ्याच मेजावर यायचे. दुपारी गावच्या पाटलानं पाठवलेला बापाचा पट्टा आला, पितळी चपरास लावलेला. सरकारी चीज, जमा करून घ्यायची. चिंचेनं घासलेली ती अजून लखलखत होती. मी उर्दूत कैफियत लिहिली. चपराशी फौत, म्हणजे मयत, चपरास जमा. वारस या शब्दापुढे लिहिलं, एक बेवा, म्हणजे विधवा. कागद घेऊन साहेबांकडे गेलो. चिकेशी नवा चपराशी होता.

साहेबांनी सही करायला कलम उचललं आणि थांबले. पेशकार शेजारी उभा होता.

"बूढ़ा अच्छा आदमी था," साहेब म्हणाले. "उसका कोई बेटा नहीं था?"

पेशकारानं माझ्याकडे पाहिलं. मी शेरवानीच्या दुसऱ्या गुंडीवर नजर ठेवली, वर नाही, खाली नाही, आणि पोटातून बोललो.

"जी नहीं, सरकार."

आवाज लई साफ लागला.