दहा मैल, तीस मिनिटं

आमच्या घरात फटफटी आली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. दुसरी लढाई लागायला अजून दोन-तीन वर्षं होती. सासर वाशीमजवळच्या मालेगावपासून कोसभर, माहेर धनजकडे, आणि मधे बैलगाडीचे दोन दिवस. भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, अकोल्याच्या एका कापसाच्या जिनातल्या फिटरकडून ती जुनी गाडी घेऊन आले. गाव गोळा झालं. इंजिन बंद केल्यावरही ती आतल्या आत टिकटिक करत होती. सगळे पांगल्यावर मी टाकीला हात लावला आणि तिथून तसाच इंजिनाला लावला. चांगलाच भाजला. हे लोखंड माझं माहेर अडीच तासांत गाठतं, हे काही केल्या मनात मावेना. मी भाविक बाई नाही. तरी त्या दिवशी, ती ठेवली होती त्या गोठ्यासमोरून जाताना माझा आवाज आपोआप खाली आला.

भासऱ्यांना शेती येत नव्हती, हे स्पष्टच लिहिते. नांगर धरला की तास वाकडं, पेरणीला पाभर धरली की अर्धं वावर कोरं. तोच माणूस गोणपाट अंथरून अख्खं इंजिन खोलायचा, नट, स्क्रू, वायसर ओळीनं मांडायचा आणि संध्याकाळपर्यंत एकही तुकडा शिल्लक न ठेवता परत जोडायचा. मी निवडायला घेतलेले तांदूळ हातात तसेच राहायचे.

सासऱ्यांना, आबांना, हे पटत नव्हतं. त्यांचं आयुष्य शंकरपटात गेलेलं. बैलजोड्यांच्या त्या शर्यतीत त्यांच्या जोडीनं किती वेळा पहिला नंबर काढला, ते तालुक्यात लोक सांगायचे. अशात अकोल्याच्या मोटारवाल्यांनी फटफट्यांची लांब पल्ल्याची शर्यत ठरवली. अकोला, मालेगाव, वाशीम, पुसद, यवतमाळ, अमरावती आणि परत अकोला, सगळं एका दिवसात. अडीचशे मैलांच्या वर. भासऱ्यांनी नाव दिलं. आबा म्हणाले, "हरला तं फटफटी इकून बैलजोडी घीन. आन् मंग तुले नांगर सोडून दुसरं काई करू देनार नाई." ते बोलले की करायचे. भासरे "बरं" म्हणाले.

शर्यतीचा छापील कागद आला. घरात नीट वाचता येणारी मीच, चौथी पास. माझे मालक सहीपुरते. भासऱ्यांनी दुसरीत शाळा सोडलेली, आकडे तेवढे यायचे. अडचण अशी की भासऱ्याशी सुनेनं बोलायचं नसतं. तोंडासमोर उभंसुद्धा राहायचं नसतं. म्हणून मी दाराआड बसून वाचायची आणि ते ओसरीवर बसून ऐकायचे.

कागदात लिहिलं होतं की ताशी वीस मैलांचा वेग धरायचा. प्रत्येक ठाण्यावर ठरलेल्या मिनिटाला पोचायचं. उशीर झाला तर मार्क कापणार. लवकर पोचलं तरी कापणार.

"लवकर आल्यावर कापतेत?" आबा हसायला लागले. "कोन्त्या पटात पयल्या जोडीले हरवतेत? पोरीनं चुकीचं वाचलं."

मी ती ओळ तीनदा वाचली. तीच होती. आबांनी आपली तयारी सुरू केली. भासऱ्यांना रोज जवसाच्या तेलानं रगडायचं, गूळ-तूप चारायचं. शर्यतीच्या आधी फटफटीला चार दिवस विश्रांती द्यायची. टाकी अर्धीच भरायची, कारण भरल्या पोटानं बैल पळत नाही. हे शेवटचं ऐकून जाऊबाई माझ्या कानात म्हणाल्या, "आता तिले कडबा टाकाले सांगतेत का काय!"

भासऱ्यांनी आबांना नाही म्हटलं नाही. टाकी मात्र पूर्ण भरायची ठरवली. आणि एक दिवस कापूस वेचायला आम्ही सडकेच्या वावरात असताना त्यांनी फटफटी बांधाला उभी केली व बायकोला म्हणाले, "ज्याईनं कागद वाचला, त्याईले ईचार, दहा मैलाले किती टाइम लागाले पायजे."

जाऊबाई माझ्याकडे वळल्या. "इचारून राह्यले."

मी पदर ओढला आणि फटफटीकडे तोंड केलं. "फटफटीले सांगा, तीस मिनिटं."

तिथून आमची रीत पडली. माझ्या लग्नात माहेरून गजराचं घड्याळ आलं होतं. ते मी ओटीत घेऊन बांधावर बसायची. भासरे पाचव्या मैलाच्या दगडाला वळसा घालून परत यायचे. पहिल्या दिवशी अठरा मिनिटांत आले, धुळीनं माखलेले, खुशीत.

"फटफटीले बारा मिनिटं घाई झाली," मी म्हटलं.

"फटफटीले म्हना, तिले हळू चालाची लाज वाटते," ते सडकेकडे पाहून म्हणाले.

"लाज वाटत असन तं घरी बसा म्हना तिले."

जाऊबाई हसून हसून मातीत बसल्या. आता आठवलं की मलाच नवल वाटतं. त्या घरात मी कोणाला इतकं उलटून बोलले नव्हते.

बावीस, चोवीस, सव्वीस. रोज जायचे. पंधरवड्यात ते तिसाला आले आणि मग सलग चार दिवस तीसच. घड्याळ माझ्या ओटीत होतं, त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून ते वेळ ओळखायला लागले होते. काटा तिसावर यायचा आणि वळणावर धूळ दिसायची. माझ्या अंगावर काटा यायचा. शर्यतीच्या आठवड्यात मी ठाण्यांची नावं आणि वेळा एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिल्या, तो त्यांनी टाकीवर खळीनं चिकटवला. घड्याळ चिंध्यांत गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि डबा हँडलला बांधला.

भासरे आदल्या दिवशीच अकोल्याला गेले. शर्यतीच्या दिवशी आम्ही बाकीचे गाडी जुंपून मालेगावला गेलो. सडकेच्या कडेला टेबल, निशाण आणि घड्याळ घेऊन बसलेला कारकून. आम्ही बायका गाडीतच बसलो. अकोल्याच्या बाजूनं, मेडशीकडून, पहिली फटफटी आली, लोकांनी आरोळी ठोकली. मग दुसरी, तिसरी. कारकून वही पुढे ओढायचा, लिहायचा, निशाण हलवायचा. चौथे आमचे. टेबल शंभर पावलांवर राहिलं असताना त्यांनी लिंबाखाली गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि खाली बसले.

"पाटील, तुमची जोडी बसली!" गर्दीतून कोणीतरी आबांना ओरडलं. खूप हशा झाला.

आबा हातात तुतारी, बैल टोचायची काठी, घेऊन धावले. "काहून थांबला बे? लोकं फुडं गेले ना!"

"टाइम नाई झाला, आबा."

"कायचा टाइम? पळव म्हनतो!"

"नऊ मिनिटं हायेत अजून."

आबांनी तुतारी उगारली. भासरे हलले नाहीत. डब्याचं झाकण उघडं ठेवून ते काट्याकडे बघत राहिले. पाचवी फटफटी त्यांच्यावर धूळ उडवत गेली, तिच्यावरच्या माणसानं हात हलवून चिडवलं. आबा आमच्या बैलगाडीकडे वळून ओरडले, "कागद चुकला असन तं पाह्यजो सूनबाई, याचं वाट्टोळं तुह्यावर!"

मी चौथी शिकलेली. मी चुकले असेन तर या माणसाला जन्मभर नांगर. ती ओळ मी मनात पुन्हा वाचली, आणि मला ती आठवेचना. जाऊबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी फुटली.

वेगानं जाणारी फटफटी मी पाहिली होती, त्यात नवल वाटण्यासारखं होतंच. पण सगळं गाव हसतंय, डोक्यावर बापाची काठी आहे आणि माणूस नऊ मिनिटं ढिम्म बसून आहे, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतरही फारसं नाही.

मग ते उठले, एका लाथेत इंजिन चालू केलं आणि टेबलाजवळ गेले. कारकुनानं घड्याळ पाहिलं, मान वर करून त्यांना पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "बरोबर. सकाळपासून हा पहिला माणूस वेळेवर आला." भासरे वाशीमकडे निघून गेले. आबा काठी टेकून तिथेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भासरे घरी आले. भुवया धुळीनं पांढऱ्या, डोळे लाल. हँडल धरून बोटं आकड्यासारखी वळलेली, ती उघडेनात. जाऊबाईंनी कोमट तेल लावून एकेक बोट सरळ केलं. दोन दिवस त्यांना घासही जाऊबाईंनीच भरवला.

खिशातून एक शिक्के मारलेला कागद निघाला. आबा म्हणाले, "वाच, सूनबाई." मी वाचला. पुसदच्या घाटात ट्यूब फुटल्यानं अकरा मिनिटं उशीर. यवतमाळला चार मिनिटं. बाकी सगळीकडे बरोबर. शेवटपर्यंत पोचलेल्यांत तिसरा नंबर.

आबांनी तो कागद माझ्याकडून घेतला. उलटा धरून बराच वेळ पाहिला.

"फटफटी गोठ्यात नका ठेवू," ते म्हणाले. "तेथं उंदरं लय झाले. ट्यूब खातीन. ओसरीवर घ्या."