वास न्हाई

माझं नाक तेव्हा सांगलीत नावाजलेलं होतं. हसू नका. बर्फाच्या कारखान्यात नाकाला मोल असतं. बर्फ गोठवायला नळ्यांतून अमोनियाचा ग्यास फिरवतात, आणि तो ग्यास डोळ्यांत गेला तर माणूस आंधळा, छातीत गेला तर आडवा. कारखान्यात त्याचा उग्र वास कायमच थोडाफार भरलेला. त्यातला शिळा कुठला, ताजा कुठला, हे नवख्याला कळत नाही. मला कळायचं. लढाईच्या दिवसांत फौजेच्या वर्कशॉपात तीन वर्षं हेच काम केलं, आणि घरी येताना कमाई म्हणून हे नाक तेवढं घेऊन आलो.

लोकांना वाटतं, अशा कारखान्यात धोका उन्हाळ्यात, इंजन रात्रंदिवस चालतं तेव्हा. अरे खुळ्यांनो, धोका थंडीत! पौषात बर्फाला कुत्रं विचारत नाही. म्हणून तेव्हाच इंजन बंद करून नळ्या उघडायच्या, खरवडायच्या, जोड नव्यानं बसवायचे. ग्यास आधी काढून घेतलेला असतो, नाही असं नाही. पण इंजनातलं तेल नळ्यांत जाऊन बसतं, गारठ्यानं तुपासारखं थिजतं आणि नळीला बूच मारतं. त्या बुचामागं ग्यास दबा धरून बसतो.

आमच्या मिस्त्रींचा नेम होता: आधी कढत पाणी, मग नाक, मग पाना. नळीवर कढत पाणी ओतायचं, टोकाची तोटी, म्हणजे कॉक, सोडून वास घ्यायचा, वास नसला तरच जोडाच्या बोल्टला पाना लावायचा. आणि पाना धरणाऱ्यानं स्वतः वास घ्यायचा नाही. "त्येला काम उरकायची घाई असती," मिस्त्री म्हणायचे, "वास दुसऱ्यानं घ्यायचा." त्यांचं स्वतःचं नाक ग्यासनं कधीच मेलेलं. म्हणून वास माझ्याकडं.

पाना दाजींकडं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. वडूजकडचे, मेंढरं राखणारं घर. त्यांना कारखान्यात मीच आणलं. आक्का नको म्हणत होती. "त्येंच्या डोळ्यांवर आमचं घर चालतंय. तुज्या त्या ग्यासात नगं न्हेऊस त्यास्नी." मी म्हणालो, "आक्का, मी हाय की तिथं. माज्या नाकाफुडनं ग्यास जातोय व्हय?" लय शहाणा होतो मी!

त्या सकाळी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बायको पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी मलकापूरला गेलेली. आदल्या दिवशी मोटारीच्या डायव्हरबरोबर निरोप आला, अवघडलीय, लगोलग ये. कऱ्हाडची मोटार अकराला सुटायची. मिस्त्री म्हणाले, "एवढा एक जोड उघडून दे आनि जा." मी पहाटेपासून येऊन बसलेलो. बसलेलो कुठला, नळ्या बसवलेल्या रिकाम्या टाकीभोवती येरझाऱ्या घालत होतो. पाणी उकळेना, चुलवाणातली लाकडं ओली, सगळ्यांवर खेकसत सुटलो होतो.

"काय पाव्हणं," टाकीत उतरता उतरता दाजी हसले, "पोर तिला व्हायचंय का तुला?"

"तुमी पाना बघा तुमचा."

आणि तीन दिवसांपासून मला पडसं होतं. नाक असं गच्च, की चुलीवर मिरची करपली तरी कळू नये. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मिस्त्रींनी दुपारपर्यंत काम थांबवलं असतं. उन्हानं नळ्या तापू दे, मग आणखी दोन पिंपं कढत पाणी ओत, मग बघू. गेली माझी मोटार! शिवाय खरं सांगायचं तर लाजही वाटत होती. नाकावर मिरवणाऱ्यानं नाक बंद आहे म्हणायचं?

अखेर पाणी उकळलं. ओतलं. मी वाकून कॉक सोडला, नाक लावलं. काही नाही. काही कळणारच नव्हतं. मी उगाच मोठा श्वास घेतल्यासारखं केलं.

"वास?" मिस्त्रींनी विचारलं.

"वास न्हाई."

"नक्की?"

"आवं, किती डाव सांगू? न्हाई म्हंजे न्हाई!"

खाली टाकीत दाजींनी पान्यावर जोर दिला. पहिला बोल्ट सुटला, दुसरा सुटला. तिसरा ढिला झाला आणि फस्स करून पांढरा लोट उडाला. दाजी ओरडले नाहीत. पाना तेवढा खणकन पडला. मी श्वास कोंडून खाली उडी मारली, त्यांच्या बगलेत हात घातला, वरून मिस्त्रींनी ओढलं. दाराशी पाण्याचं पिंप असायचं, असल्या वेळेसाठीच. दाजींचं डोकं मी त्यात दाबलं. पौषातलं पाणी, हाताला सुया टोचाव्यात तसं. ते तडफडत होते. "सोड, सोड रं, गारठून मरतोय!" मी सोडलं नाही. पापण्या बोटांनी ताणून धरल्या आणि मिस्त्री तांब्यावर तांब्या ओतत राहिले. किती वेळ, देव जाणे. माझी बोटं वळेनाशी झाली तेव्हा कुणीतरी टांगा आणला होता.

मिरजेच्या डॉक्टरनं डावा डोळा वाचवला. उजव्यावर सारा पडला, पांढरा पडदा, तो डोळा गेलाच.

मला त्याच दिवशी मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. मी ती बघितली आठव्या दिवशी, आणि पोटच्या पोरीचं तोंड बघताना आनंद व्हायच्या ऐवजी मला पळून जावंसं वाटलं.

मिस्त्रींनी सगळं स्वतःवर घेतलं. तेलाचं बूच होतं, बुचामागचं कुणाला कळणार, नाकाला काय भिंतीपल्याडचं दिसतंय? सगळे हेच म्हणायला लागले. आक्कासुद्धा म्हणाली, नशीब. मी ऐकून घेतलं. पण मला ठाऊक होतं, बूच कितीही घट्ट असलं तरी त्याच्या कडेनं ग्यासचा धागा सुटतोच. आदल्या साली तोच धागा पकडून मी दोनदा काम थांबवलं होतं.

अन्न गोड लागेना. दाजी परत कामाला यायला लागले तसा मी त्यांच्यासमोरून तोंड चुकवायला लागलो. कारखान्यातून सुटलो की घरी न जाता कृष्णाकाठानं चालत सुटायचं, अंकलीच्या वाटेनं, मग उलटं यायचं. माहेराहून परत आलेली बायको म्हणायची, पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या? शिमगा झाला, पाडवा झाला. मग एका संध्याकाळी दाजी घाटावर एकटेच बसलेले दिसले, आणि मी जाऊन त्यांच्या शेजारी टेकलो.

"दाजी, त्या दिशी मला पडसं हुतं. वासबीस काय कळत नव्हतं मला."

"ठावं हाय."

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही.

"ठावं हाय म्हंजे?"

"सकाळधरनं शेंबूड वढत हुतास की. बहिऱ्याला बी कळलं आसतं."

माझं टाळकंच सरकलं. कुणावर, ते सांगता येत नाही. "मग आत मराय कशाला उतरला? मिस्त्रीला का न्हाई सांगितलं? बोल्टाला पाना लावायच्या आधी एक शबुद बोलाय काय जीभ झडली हुती तुमची?"

घाटावरची माणसं बघायला लागली.  

"नाक बंद हाय, ह्ये दिसत हुतं," दाजी म्हणाले. "मला वाटलं, तू दुसरं कायतरी करून बघितलं आसशील. फौजंत शिकलेला गडी. तू न्हाई म्हणालास. तू माज्याशी खोटं कशाला बोलशील?"

मी त्यांच्या उजव्या अंगाला बसलो होतो. हे बोलताना माझ्याकडं बघायला त्यांना सगळी मान वळवावी लागली.