तोंड झाका, वैनी

"तोंड झाका, वैनी." उंदरांच्या खोलीत पाऊल टाकायच्या आधी मॅडम दारातूनच ओरडायच्या. मी डोळ्यांपर्यंत दुपट्टा ओढला की मगच आत यायच्या.

गोंदियात उन्हातून गाडी चालवणाऱ्या मुली तोंडाला दुपट्टा गुंडाळतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. पण पंख्याखाली, उंदरांपुढे? त्याची हकिकत अशी.

मी बार्शीकडची. शाळा सहावीत सुटली. नवरा इथल्या राइस मिलमध्ये लागला, म्हणून गोंदियालगत कुडव्यात खोली केली आणि एका फार्मसी कॉलेजात मला पिंजरे धुवायचं काम मिळालं. ते जाईल ही धास्ती कायम. मॅडम आमगावच्या, पीएचडी करायच्या, रोज रेल्वेने यायच्या. प्राणवायू कमी पडला की मेंदू स्वतःच एक हार्मोन जास्त बनवतो म्हणे. मॅडमच्या अभ्यासात काही उंदरांना ते हार्मोन अडवणारं औषध, काहींना नुसतं पाणी. मग सगळ्यांना थोडा वेळ कमी प्राणवायूच्या पेटीत ठेवायचं.

"औषधानं बरं व्हायला पाहिजे ना?" मला राहवेना.

"घर पेटलं तर विहीर कामी येते का, हे कसं कळन? मी विहिरीवर झाकण ठेवून पाहून राहिली."

"अहो, पण घर जळेल की!"

"उंदराचं जळन. माणसाचं वाचावं म्हणून." मग म्हणाल्या, "माझा भाऊ जन्मला तेव्हा उशिरा रडला. एवढा मोठा झाला, अजून घरचा रस्ता चुकते."

पाजायचं काम माझं. कोणाला औषध आणि कोणाला पाणी, हे मॅडमना कळू द्यायचं नाही, नाहीतर माणसाला हवं तेच दिसतं. नंतर त्या एकेका उंदराला लाकडी गल्ल्यांच्या खोक्यात सोडायच्या आणि खाऊचा रस्ता कोणाला आठवतो ते बघायच्या. मी शेजारी उभी. औषधवाला उंदीर निघाला, की माझ्या तोंडावर सुतक.

प्रयोगाची फेरी संपल्यावर मॅडमच्या गाईड सरांनी विचारलं, "कोणाला काय दिलं, तुम्हाला ठाऊक नव्हतं ना?"

"ठाऊक होतं," मॅडम म्हणाल्या. "वैनीचं तोंड पाहून कळते."

कित्येक महिन्यांची ती फेरी सरांनी बाद केली. वर म्हणाले, "ही बाई बदला."

मी दारामागे, पिंजरा घेऊन.

"काऊन?" मॅडमचा आवाज आला. "उंदीर तिच्याच हातात शांत राहतात. तोंड झाकलं का झालं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा पिवळा दुपट्टा आणून माझ्या तोंडाला बांधला. नवी फेरी सुरू. मधेच डिवचायच्या, "आज डोळे कायले बारीक केले?" मग मी डोळेही मिटायची. एकदा तशाच मिटल्या डोळ्यांनी उंदीर सरांच्या हातात ठेवला.

ही फेरी टिकली. औषधवाले उंदीर जास्त रस्ता चुकले. विहीर, म्हणजे ते हार्मोन, कामाची निघाली. मॅडमना पुढच्या कामासाठी लांबच्या शहरातून बोलावणं आलं.

जायच्या दिवशी त्या खोलीत आल्या. मी दुपट्टा आधीच बांधलेला.

"उघडा आता तोंड. लपवायचं काय राहिलं?"

"नको, मॅडम."

"काऊन?"

मी पिंजरा पुसत राहिले. त्या जवळ आल्या, वाकून बघितलं.

"दुपट्टा ओला होऊन राहिला, वैनी. ही फेरी बी बाद."